न घासलेली किटली

मला किळस फार. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही म्हणायला नको की बाई जरा जास्तच नाक मुरडते. दुसऱ्याच्या कंगव्यात केस दिसला तरी मी हात धुऊन येते. बसमध्ये मी रुमालाशिवाय दांड्याला हात लावत नाही. माझा नवरा क्लिफर्ड चांगला होता तेव्हा यावरून माझी फार थट्टा करायचा. "मेव्हिस, तुला स्वर्गात नेलं तरी तू आधी तिथल्या दाराची कडी पुसून घेशील," म्हणायचा. आता तो थट्टा करत नाही. काहीच करत नाही.

तर एका गुरुवारी दुपारी मी त्याला कोट चढवला, मफलर गुंडाळला आणि स्टेशनवर चहाला घेऊन गेले. एवढीच साधी गोष्ट होती.

स्टेशन म्हणजे आता नावाचंच. स्केलविकहून शेवटची गाडी सुटली ती आम्ही या गावात राहायला येण्याच्या कितीतरी आधी. रूळ उपटून नेले, फलाटावर काटेरी झुडपं माजली, चहाच्या खोलीत कबुतरांनी संसार थाटले. मग गावातल्या पेन्शनवाल्या मंडळींना उमाळा आला. त्यांनी स्टेशनचं मित्रमंडळ काढलं आणि सगळं 'जसं होतं तसं' करायचं ठरवलं. जसं होतं तसं, हा त्यांचा मंत्रच. दरवाजे खरवडायचे, रंगाचा सगळ्यात खालचा थर शोधायचा आणि तोच रंग पुन्हा फासायचा. खांबांचा हिरवा रंग नेमका किती हिरवा होता, यावरून दोन सभ्य गृहस्थांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. आम्ही दोघं मूळचे देशाच्या पलीकडच्या बाजूचे, लँकेशरचे. क्लिफर्डनं इथे जन्मभर पावाची गाडी चालवली, अर्ध्या गावाच्या दारात पाव टाकला, तरी समुद्रकाठच्या या लोकांच्या लेखी आम्ही अजून पाहुणेच आहोत.

दर गुरुवारी दुपारी त्या चहाच्या खोलीत गावातली म्हातारी माणसं जमायची. चहा प्यायची, बिस्किटं बुडवून खायची आणि स्टेशनच्या जुन्या आठवणी सांगायची. मंडळाची अध्यक्ष बेरिल हेगार्थ त्या टेप करून घ्यायची. क्लिफर्डकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं, त्यानं स्केलविकला आलेली गाडी जन्मात पाहिली नव्हती. पण डॉक्टर म्हणाले, त्याला माणसांत न्या, चार शब्द कानावर पडू द्या. दोन हिवाळे झाले होते, तो बोललेला नव्हता. डोळे उघडे असायचे, भरवलं की गिळायचा, बाकी सगळं शून्य. त्यानं एकदा, एकदाच माझं नाव घ्यावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी मी त्याला कुठेही नेलं असतं.

दारातच मला वास आला. ओल्या लोकरीचा, नासक्या दुधाचा, आणि त्याच्या खाली आणखी एक. सकाळी उठल्यावर माणसाच्या तोंडाला येतो तसा.

"खोलीचा मूळचा वास आहे बरं का," बेरिल अभिमानानं म्हणाली. "इतका रंग दिला, इतकं खरवडलं, पण गेला नाही. मला तर आवडतो."

"मला नाही आवडत," मी म्हटलं.

"तुला काय आवडतं गं मेव्हिस? ये, ही बघ आमची नवी सून."

काउंटरवर किटली होती. दोन मुठींची, दोन्ही हातांनी उचलावी लागेल एवढी मोठी, तपकिरी मुलाम्याची. भिंतीतल्या फळ्या मारलेल्या कपाटात सापडली होती. या खोलीची शेवटची मालकीण म्हणजे मिसेस पिंचबेक. गाड्या चालू होत्या तोवर ती याच किटलीतून उतारूंना चहा पाजायची. मी झाकण उचलून आत डोकावले आणि लगेच मागे सरले. आतून बोटभर जाड काळा थर बसलेला होता. वाळलेला नव्हता. चमकत होता.

"ही घासली का तुम्ही?"

"घासायची?" बेरिलनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिच्या आईला वाटेल ते बोलले. "अगं, चहाच्या किटलीला आतून कधी साबण लावतात का? सगळी चव जाते! गरम पाण्यानं विसळली, बास झालं."

हे खूळ आमच्याकडे घरोघर आहे, मला काही नवीन नव्हतं. माझ्या सासूची किटली आतून अशीच काळी होती आणि ती मोठ्या तोऱ्यानं पाहुण्यांना दाखवायची. पण ते निदान घरचं होतं. मी कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्या थराला बोट लावलं. मऊ होता. कोमट होता. आणि त्याला आडव्या वळ्या होत्या. आपण जीभ वर लावली की टाळूला लागतात ना, तशा. मी बोट तीनदा धुतलं, तरी घरी जाईपर्यंत तो हात मी अंगापासून लांब धरून चालले.

मी अर्थातच चहा घेतला नाही. पण बेरिलनं क्लिफर्डच्या हातात कप दिलासुद्धा. किटलीत कुणी दूध घालत नाही, तरी चहा गढूळ पडला होता आणि वर तेलकट तवंग होता. मी कप काढून घेणार तोच त्यानं तो ओठाला लावला. आपल्या हातानं. दोन हिवाळ्यांत त्यानं आपल्या हातानं काही उचललं नव्हतं. म्हणून मी थांबले.

अर्धा कप झाल्यावर त्यानं तो खाली ठेवला आणि मोठ्यानं बोलला.

"हेरिंगचे खोके आधी चढवा रे! बर्फ वितळतोय, सगळं पाणी माझ्या बुटात चाललंय!"

माझ्या हातातलं बिस्किट पडलं. आवाज त्याचाच होता, पण बोली लँकेशरची नव्हती. इथली होती, जुन्या कोळ्यांची, जी आता कुणी बोलतही नाही. तो बोटं चोळत होता, गार पडल्यासारखी. खवले नखात कसे रुततात, गाडीच्या फटीतून माशाचं पाणी कसं ठिबकतं, सगळं सांगत सुटला. मग एकदम थांबला आणि म्हणाला, "शिट्टी झाली. अर्धा राहिला."

टाळ्या पडल्या. बेरिलनं घाईघाईनं टेपचं बटण तपासलं. मी त्याच्या गळ्यात पडून रडले. लोकांना वाटलं आनंदानं, आणि खरं सांगते, तो आनंदच होता.

घरी आल्यावरही तो बोलत राहिला. रविवारपर्यंत बोलला. खोके, बर्फ, मुकादम, ओले बूट. सोमवारी सकाळी पुन्हा बंद झाला. मी गुरुवारची वाट पाहायला लागले.

पुढच्या गुरुवारी तो एक पोरगी होता. दुसरं कसं सांगू? गुडघे जुळवून खुर्चीच्या कडेला बसला आणि बारीक आवाजात सांगू लागला, की आपण पहिल्यांदाच गाव सोडून मोठ्या घरी कामाला चाललो आहोत, आई फलाटावर उभी आहे, ती रडत नाही म्हणून आपणही रडायचं नाही. बशीत मेलेली माशी होती ती आपण बोटानं काढली आणि तेच बोट चाटलं, कारण भूक लागली होती. "शिट्टी झाली," तो म्हणाला. "अर्धा राहिला."

त्याच्या पुढच्या खेपेला तो लढाईवर निघालेला सैनिक होता. हिरड्या सुजल्या होत्या, त्यांतून रक्त येत होतं, ते कपाच्या कडेला लागलं, हे त्यानं इतक्या बारकाईनं सांगितलं की मी बाहेर जाऊन फलाटाच्या टोकाला उलटी केली. परत आले तेव्हा तो तेच वाक्य म्हणत होता. शिट्टी झाली, अर्धा राहिला.

बाकीच्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांचंही तेच चाललेलं होतं ना! तेही चहा पीत होते आणि आठवत होते. फक्त ते इथलेच असल्यामुळे त्यांना सगळं आपलंच वाटायचं. एकदा तिघांनी एकाच दुपारी एकाच बाईची आठवण सांगितली, निळे हातमोजे, दाढदुखी, मांडीवर कोंबडी. तिघंही भांडत होते की ती माझी मावशी. मला मात्र फसायला जागा नव्हती. माझ्या नवऱ्याची या गावात मावशी नव्हती, फलाट नव्हता, हेरिंग नव्हतं.

आणि तो बोलायचा, पण माझ्याशी नाही. मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसायचे. "क्लिफर्ड, मी कोण? सांग ना... मी कोण?"

"बाजूला व्हा बाई," तो सैनिकाच्या आवाजात म्हणायचा. "गाडी चुकेल माझी."

शेवटी एका मंगळवारी मी नॉरिस ब्लेड्सला गाठलं. हा नव्वदीचा म्हातारा, तरुणपणी याच स्टेशनवर मासळीचे खोके उचलायचा. आठवणींच्या चहाला यायचा, पण चहा कधी घ्यायचा नाही. खिशातून स्वतःची बाटली काढायचा.

"नॉरिस, तुम्ही तो चहा का पीत नाही हो?"

तो हसायला लागला. त्याचे खालचे दात हलले. "पोरी, मी पिंचबेकबाईला ओळखायचो! अख्खं स्टेशन ओळखायचं. गाडी इथे थांबायची म्हणजे अशी किती? लोक धावत यायचे, चहा घ्यायचे, दोन घोट होतायत तोवर शिट्टी. कप तसाच टाकून पळायचे. मग ही बाई टेबलाटेबलावरून फिरायची आणि उरलेला चहा..." त्यानं हातानं ओतल्यासारखं केलं. "परत किटलीत! पुढच्या गाडीला तोच. युद्धात चहा मोजून मिळायचा, तेव्हा ठीक होतं. पण युद्ध संपलं तरी हिची सवय गेली नाही. 'वाया घालवायचं नाही,' म्हणायची. कपाची कड अंगठ्यानं पुसायची आणि अंगठा चाटायची."

"आणि किटली?"

"घासतो कोण?" तो म्हणाला. "चव जाते ना!" आणि खोकला येईपर्यंत हसला.

मी हसले नाही. मला त्या थराच्या वळ्या आठवत होत्या. किती तोंडं होती त्यात? किती जणांची थुंकी, किती जणांचे कुजके दात, किती ओल्या मिशा? अख्ख्या तालुक्याचं उष्टं त्या मुलाम्याला चिकटून बसलं होतं आणि मी दर गुरुवारी माझ्या आजारी माणसाच्या पोटात ते घालत होते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी मी धुण्याच्या सोड्याचा पुडा पिशवीत टाकला, स्टेशनवर गेले, माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं, किटली मोरीत ठेवली. बाही वर केली.

आणि सोडा टाकवेना. सोमवारपासून तो गप्प होता. खिडकीशी बसून होता. थर गेला तर गुरुवारही जाणार होता. बोलतोय ते उष्टं असो, कुणाचंही असो, आवाज तर त्याचा होता! मी बाही खाली केली आणि पुडा तसाच घरी नेला. मला स्वतःचीच शिसारी आली.

पुढच्या गुरुवारी घरी पोचल्यावर लक्षात आलं की त्याचा मफलर खोलीतच राहिला. हिवाळ्यातली दुपार, चार वाजत नाहीत तोवर अंधारून येतं. त्याला खुर्चीत बसवून मी परत गेले. किल्ली माझ्याकडेच होती, कारण कप धुवायचं काम मी मागून घेतलं होतं. दुसऱ्या कुणी धुतलेल्या कपांवर माझा विश्वास नाही. एक गोष्ट मला तेव्हापर्यंत खटकली नव्हती, उलट कौतुकच वाटायचं. मोरीशी येणारे कप नेहमी रिकामे असायचे. उरलेला चहा आपापला मोरीत ओतून जातात, किती शहाणी माणसं, असं मी म्हणायचे.

दार उघडलं. आत दिवा नव्हता. खिडकीतून राखेच्या रंगाचा उजेड येत होता. टेबलांवर कप तसेच होते, आज मला धुवायला वेळ झाला नव्हता. मी मफलर उचलला.

मागून आवाज आला. बुळुक... बुळुक... पातळ काहीतरी मोठ्या भांड्यात पडल्याचा.

मी वळले नाही. वास आधी आला, नासलेल्या दुधाचा, ओल्या फडक्याचा, अगदी मानेशी. मग एक रुंद पाठ माझ्या बाजूनं पुढे गेली. पाठीवर एप्रनची गाठ होती, तिच्यावर बुरशीचे हिरवे ठिपके. चालताना तिच्या अंगातून पाणी भरलेल्या बुटासारखा आवाज येत होता. तिनं एक कप उचलला, किटलीत उपडा केला, कडेवरून अंगठा फिरवला. मग अंगठा तोंडात घातला आणि चोखला. सावकाश. लहान मूल चोखतं तसा. पुढचा कप. पुन्हा अंगठा.

क्लिफर्डच्या कपाशी ती थांबली. त्यात अर्ध्याहून जास्त चहा होता, आणि तो पिताना त्याच्या तोंडातून बिस्किटाचे तुकडे परत आले होते, ते वर तरंगत होते. मला ते सकाळ-संध्याकाळ पाहायची सवय होती, तरी मी मान फिरवली.

"ते... ते राहू द्या," मी म्हटलं.

"वाया घालवायचं नाही," ती म्हणाली. तोंडात अंगठा होता, त्यामुळे शब्द ओले आले. "अजून एक गाडी यायची आहे."

मी किती वेळ उभी होते ते आठवत नाही. भानावर आले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं, कप रिकामे होते, आणि किटली उचलून पाहिली तर दोन्ही हातांना जड लागली. धावत घरी गेले. रस्ताभर थुंकत होते.

तुम्ही म्हणाल, मग तिथेच संपवायचं. मीही तेच म्हटलं असतं. पण खुर्चीत बसलेल्या त्या माणसाकडे पाहताना दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट शिरली आणि निघेना. जो चहा अर्धा टाकतो त्याची आठवण किटलीत जाते. जो पितो त्याला ती मिळते. आजवर त्याला कोळी मिळाले, पोरी मिळाल्या, सैनिक मिळाले. मी तेवढी मिळाले नाही, कारण मी कधी चहा टाकलाच नव्हता. टाकण्यासाठी आधी प्यावा लागतो.

गुरुवारी सगळे गेल्यावर मी बेरिलला म्हटलं, तू हो पुढे, मी आवरते. बाकीचे कप धुऊन ठेवले आणि एक कप भरला. ओठाला लावण्याआधी डोळे मिटून मी आमचं लग्न आठवलं, पहिलं घर, पावाच्या गाडीच्या पायरीवर बसून खाल्लेले चिप्स, सगळं जिवाच्या आकांतानं आठवलं. आणि प्यायले. चव चहाची नव्हतीच. कोमट होती, किंचित खारट, जिभेवर बुळबुळत मागे सरकणारी. माझ्या तोंडात दुसरं तोंड घातल्यासारखं वाटलं. अर्धा कप मी गिळला, कसा ते माझं मला माहीत. उरलेला टेबलावर ठेवला, क्लिफर्डला हाताला धरून फलाटावर आणलं आणि बाकावर बसले. आत तो आवाज झाला. एकदाच.

परत गेलो. माझा कप रिकामा होता. किटलीतून मी त्याच्यासाठी ओतला आणि त्याच्या हातात दिला. या वेळी तो सगळा प्यायला.

बाहेर अंधार पडत होता. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. नजर स्थिर होती, ओळखीची होती. ओठ हलले.

"मेव्हिस," तो म्हणाला.

मी त्याचे दोन्ही हात धरले. "हो रे... हो राजा, मीच... मीच ती..."

त्यानं हात सोडवून घेतले. फटकारून नाही, सभ्यपणे, अनोळखी बाईनं बसमध्ये हात धरला तर आपण सोडवतो तसे. "नाही हो," तो म्हणाला. "मेव्हिस मी."



"लग्नात पाऊस होता," तो सांगू लागला. बोलणं लँकेशरचं होतं, बोलताना पदोपदी ओठ पुसायची लकब माझी होती. "बूट चावत होते. बहिणीचे होते ना! त्याला नाही सांगितलं, त्याला वाटलं मी आनंदानं रडतेय. भला माणूस होता हो. आता आजारी आहे. घरी असतो, खिडकीशी." तो जरा पुढे झुकला, आवाज खाली आणला. "तुम्हाला म्हणून सांगते. मला जवळ जाववत नाही त्याच्या. तोंडाला वास येतो. भरवताना सगळं हनुवटीवर ओघळतं, मग मी श्वास रोखून पुसते. रोज वाटतं, आटपावं आता एकदाचं. त्याला काही कळत नाही, तेवढं बरं आहे."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पाद्र्याला नाही, बहिणीला नाही. कप ओठाला लावताना मी लग्न आठवलं होतं, पण किटलीनं निवड केली नव्हती, माझ्यात होतं ते सगळं घेतलं होतं.

"तुम्ही कोण?" त्यानं विचारलं.

मी सांगणारच होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आतून मळमळल्यासारखं काहीतरी वर आलं. मीही अर्धा कप प्यायले होते, आणि त्या किटलीत आठवड्यांमागून आठवडे त्याचा चहा जात होता.

फलाट आठवला नाही. गाडी आठवली नाही. आमचीच बैठकीची खोली आठवली, पण खालून, खिडकीजवळच्या खुर्चीतून. एक बाई चमचा घेऊन येत होती. तिनं दारातच छाती भरून घेतली आणि श्वास रोखला. नाक आकसलेलं, ओठ घट्ट. ती माझी मेव्हिस होती. मला माहीत होतं. रोज माहीत होतं, प्रत्येक चमच्याला. दमली आहे बिचारी, तिला किळस येते, लहानपणापासूनची आहे, तिला सांगायला हवं की राहू दे, पुसू नकोस. नाव जिभेवर तयार होतं. जीभ उचलत नव्हती. ती पुसायची, वळायची, आणि स्वयंपाकघरात जाऊन मोठा श्वास सोडायची. तो आवाज खुर्चीपर्यंत ऐकू यायचा.

"कोण तुम्ही?" त्यानं पुन्हा विचारलं.

"क्लिफर्ड," माझ्या तोंडून आलं. मग आणखी काही यायचं होतं, ते आलं नाही. जीभ जागची हलेना. हनुवटीवर काहीतरी कोमट ओघळलं.

"अरे देवा," तो म्हणाला आणि उठला. "तू इथे कसा आलास? थंडीत? चल, घरी चल." त्यानं माझ्याच पिशवीतून माझा रुमाल काढला. छाती भरून घेतली, श्वास रोखला आणि माझं तोंड पुसलं. नीट पुसलं, कोपऱ्यांतसुद्धा.

मग त्यानं मला कोट चढवला, दिवा मालवला, दार ओढून घेतलं. रस्त्यावर बेरिल भेटली. "छान फिरायला निघालात दोघं," म्हणाली. त्यानं हसून मान हलवली आणि माझा दंड जरा घट्ट धरला, रुमालातून. वळणं तो बिनचूक घेत होता. मी त्याच्या मागे मागे जात होते, कारण घर कुठे आहे ते मला माहीत नव्हतं.